माझ्या अंगावरचा डोंगर

मी एक जुना फळा आहे, आणि मला पुसून घ्यायला मुळीच आवडत नाही. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. दुसऱ्या एखाद्या फळ्याने तुम्हाला सांगितले असेल की आम्ही रोज पुसले जातो आणि रोज नव्या आनंदाने ज्ञान देतो. सांगो बापडा. मी कितीतरी वर्षे रोज संध्याकाळी पुसला गेलो आणि त्याचा मला एकदाही आनंद झाला नाही. सकाळी कुणीतरी सुरेख अक्षरात माझ्यावर एखादी कविता लिहायचे आणि दुपारी तिच्या जागी त्रैराशिक यायचे. माझे म्हणून माझ्यापाशी काही उरत नसे.

माझा जन्म डोणगावचा. तिथल्या सईद मिस्त्रींनी मला घडवले. सागाच्या फळ्या त्यांनी एकमेकींत अशा बसवल्या की सांध्यावरून बोट फिरवले तरी सांधा कळू नये. मागून आडव्या पट्ट्या मारल्या, पुढून काळा रंग दिला आणि मला उभे राहता यावे म्हणून तीन पायांची एक घोडी करून दिली. मग बैलगाडीतून मी जवळच्याच एका लहान गावातल्या शाळेत गेलो. पहिल्या दिवशी मुलांनी मला कुंकू लावले. त्या कौतुकाची आठवण मी पुष्कळ दिवस पुरवून वापरली.

पुढे वर्गाच्या भिंतीवरच सिमेंटचा फळा आला. त्यानंतर पांढरा आला, आणि त्यानंतर तर टीव्हीसारखा दिसणारा, बोट लावले की चालणारा आला. मला मागच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे मोडके बाक होते, तांदळाची रिकामी पोती होती आणि उंदीर होते. माझी घोडी माझ्याशेजारीच आडवी पडली होती. त्या खोलीची गरज पडली तेव्हा आतले सगळे लाकूड भंगारात निघाले. जाकीर मिस्त्री ते घेऊन गेले.

जाकीर हे सईद मिस्त्रींचे चिरंजीव. फर्निचरचे दुकान त्यांनी ह्याच, शाळेच्या गावात थाटले होते. माझ्यापासून एका कपाटाची पाठ करायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी मला आडवे टाकले, करवत उचलली, आणि कुठून कापावे हे बघायला मला उलटे केले. त्यांची नजर सांध्यावर गेली. करवत खाली ठेवून त्यांनी त्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

“अब्बाचा हात हाय हा,” ते म्हणाले, आणि मला उचलून त्यांनी पडवीत भिंतीला टेकवून ठेवले. अशा रीतीने मी वाचलो.

त्या पडवीत जाकीर मिस्त्रींची मुलगी फिजा चित्रकलेचा वर्ग घ्यायची. ती संभाजीनगरला रंगकाम शिकून आली होती. शिक्षिकेची जागा निघेपर्यंत, चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना ती शिकवत असे. उरलेल्या वेळात ती स्वतः तैलरंगात चित्रे काढायची. दुकानात एका बाजूला लाकडाचा भुसा उडायचा आणि दुसऱ्या बाजूला टर्पेंटाइनचा वास यायचा. मला दोन्ही चालत होते. उंदरांपेक्षा काहीही बरे.

आणि एके दुपारी झुंबरबाई आल्या.

झुंबरबाईंचे घर दुकानाच्या मागेच होते. पन्नाशी ओलांडलेल्या, शेतात राबून काटक झालेल्या बाई. दाराची बिजागरी घेऊन आल्या होत्या, पण बिजागरी हातातच राहिली आणि त्या फिजा रंगवत होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “पोरी, मले डोंगर काढाले शिकवशील का व?”

फिजाला वाटले, बाई चेष्टा करत आहेत. “काकू, कोणता डोंगर?”

“मले काय माहीत? माह्या हर्षलनं पाह्यला तो.”

हर्षल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. फौजेत होता. त्याची नेमणूक दूर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात होती. त्या हिवाळ्यात तिथे काहीतरी घडले आणि हर्षल बरेच महिने दवाखान्यात राहून घरी परतला. उजव्या हाताची तीन बोटे बर्फाने खाल्ली होती. गावाने त्याला एसटी स्टँडपासून वाजतगाजत आणले. चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लागला. गळ्यात इतके हार पडले की चेहरा दिसेना. हार उतरले तेव्हा लोकांना कळले की तो काही बोलतच नाही. हो, नाही, भूक नाही, एवढेच. अंगणात खाट टाकून तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.

“म्या एक दिवस इचारलं त्याले,” झुंबरबाई फिजाला सांगत होत्या. “म्हटलं, बेटा, काय होतं तिथं? तर म्हने, डोंगर. बस, एवढंच. त्याच्यावर एक शब्द नाई. पोरगं एका शब्दावर येऊन थांबलं बेटा. मंग म्या म्हटलं, त्या शब्दाच्या मागं मीच जातो.”

फिजाने त्यांना लाकडाच्या भुशातच शेजारी बसवून घेतले. मग फिजाने मोबाईल काढला आणि चित्रे दाखवायला सुरुवात केली. तिने सांगितले की दोनशे वर्षांपूर्वी तिकडे युरोपात काही चित्रकार होऊन गेले. त्यांना नीटनेटका, शोभेचा डोंगर नको होता. त्यांना छातीत धडकी भरवणारा डोंगर हवा होता. वादळ, कोसळणारे ढग, खोल दरी, आणि त्या सगळ्यासमोर एखादा माणूस, आपल्याकडे पाठ करून उभा.

एका चित्रावर झुंबरबाईंचे बोट थांबले.

“हा मानूस एवढुसा काऊन?”

“त्याला डोंगर तेवढा मोठा वाटला म्हणून, काकू.”

“हे,” झुंबरबाई म्हणाल्या. “हे असं मले पायजे.”

गावात ही बातमी लगेच पोचली. अर्जुनराव हे गावातले वजनदार गृहस्थ. नव्या सभागृहाच्या समितीचे प्रमुख. ते मुद्दाम दुकानासमोर थांबून म्हणाले, “झुंबरबाई, चष्मा लागाच्या वयात ब्रश हातात घेता का?”

“ब्रशले चष्मा लागत नाई, दादा,” झुंबरबाई म्हणाल्या. “मले लागते. तो म्या घातला.”

मित्रांनो, त्या क्षणी मला ही बाई आवडली.

मोठ्या चित्राला कॅनव्हास हवा होता, आणि तो डोणगावात काय, मेहकरातही मिळेना. फिजाने पडवीत इकडे तिकडे पाहिले आणि माझ्यावर टकटक केले. “अब्बू, हा घेऊ का?” जाकीर मिस्त्रींनी एकदा सांध्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःच खरकागद घेऊन आले. माझा काळा रंग घासला जाऊ लागला तेव्हा मी घाबरलो नाही, असे म्हणणार नाही. काळेपण हीच माझी ओळख होती. पण खाली साग निघाला आणि त्यावर फिजाने पांढऱ्या अस्तराचे हात दिले. मी आरशात पाहिले असते तर स्वतःला ओळखले नसते.

झुंबरबाईंचा पहिला डोंगर मी कधी विसरणार नाही. दोन त्रिकोण, त्यांच्या मधोमध किरणे फेकणारा सूर्य, आणि खाली वेणीसारखी वळणे घेणारी नदी. आपण सगळ्यांनीच लहानपणी काढलेला असतो तोच.

फिजा खरे बोलणारी मुलगी. ती म्हणाली, “काकू, हे डोंगर नाहीत. हे समोसे आहेत.”

झुंबरबाई एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. डोळे पुसत म्हणाल्या, “पूस बाई, पूस.” टर्पेंटाइनच्या फडक्याने समोसे गेले. मी मात्र हसलो नाही. पुन्हा तेच नशीब, मी मनात म्हटले. रंग बदलला तरी फडके काही सुटत नाही.

पण ह्या वेळचे पुसणे वेगळे होते, हे मला हळूहळू कळले. शाळेत एक विषय गेला की दुसरा येई. इथे पुसल्यावर पुन्हा डोंगरच येई, आणि तो आधीच्यापेक्षा थोडा बरा असे.

फिजा शिकवत गेली. आधी तपकिरी रंग पातळ करून नुसता अंधार आणि उजेड मांडायचा. डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारकावे जातात आणि आकार उरतो. रंगाचा खालचा हात पातळ, वरचा तेलकट. उलटे केले तर रंगाला भेगा पडतात. कडा सगळीकडे सारख्या ठेवायच्या नाहीत. काही धारदार, काही ढगात विरघळलेल्या. झुंबरबाई शेतातून येत, हातपाय धूत आणि माझ्यासमोर उभ्या राहत. ब्रश धरायचा हात विळा धरल्यासारखा घट्ट असे. “सैल सोडा काकू, तो काही पळून नाही चालला,” फिजा म्हणे.

दूरचा डोंगर दूर का दिसत नाही, हे मात्र त्यांना काही केल्या समजेना. तेव्हा फिजा त्यांना एसटीने लोणारला घेऊन गेली. मला कोण बसमध्ये घेणार? पण परत आल्यावर त्या दोघी जे बोलल्या ते मी ऐकले. सरोवराच्या काठावर उभे राहून फिजाने त्यांना पायाखालची झाडे बघायला लावली आणि मग पलीकडच्या काठावरची. झाडे तीच, पण पलीकडची निळसर आणि फिकी. मधल्या हवेने त्यांचा रंग पिऊन टाकला होता. “म्या लोणारले किती खेपा गेली,” झुंबरबाई स्वतःवरच रागावून म्हणत होत्या, “पन हे आजलोक दिसलंच नाई मले.” दुसऱ्याच दिवशी माझ्या अंगावरचा मागचा डोंगर खरोखर मागे गेला.

एकदा रंगात घालायचे तेल संपले. फिजा म्हणाली होती की ते जवसाचेच तेल असते. झाले. झुंबरबाईंनी घरच्या जवसाचे घाण्यावरून तेल काढून आणले आणि फिजा यायच्या आत सढळ हाताने रंगात मिसळले. ते कच्चे तेल काही केल्या वाळेना. सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. गावभर उडणारा भुसा माझ्या ओल्या आभाळाला येऊन चिकटला, दोन माश्या चिकटल्या, आणि एक कोंबडी येऊन माझ्या डोंगराच्या पायथ्याला चोच मारून गेली. सगळे आभाळ रंग कालवायच्या बोथट पातीने खरवडून काढावे लागले. मला ते फार लागले. झुंबरबाईंनी खरवडलेला रंग पदराला पुसला आणि म्हणाल्या, “चटनीचं तेल चटनीतच बरं. चाल, पुन्हा.”

आता मी तुम्हाला हर्षलची गोष्ट सांगतो.

झुंबरबाईंनी हट्ट धरला की आता पडवी पुरे, फळा माझ्या अंगणात ठेवायचा. जाकीर मिस्त्रींनी मला खांद्यावर घेतले, फिजाने घोडी घेतली. “कुठं ठेवू, भाभी?” मिस्त्रींनी विचारले. झुंबरबाईंनी हर्षलच्या खाटेसमोरची भिंत दाखवली.

“भितीकडं पाह्यते ना तो? मंग भितीपाशीच डोंगर लावतो.”

हर्षलने मला पाहिले. तो उठला, खाट उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. झुंबरबाई रंगवत राहिल्या. आठवडाभराने त्यांनी घोडी उचलली आणि मला खाटेच्या दुसऱ्या बाजूला आणले. हर्षलने खाट पुन्हा फिरवली. मायलेकांचे हे मुके भांडण कितीतरी दिवस चालले. दोघेही एकाच मातीचे. त्या मला हलवत, तो खाट हलवत असे. घरात शेषराव, म्हणजे हर्षलचे वडील, डोक्याला हात लावून म्हणत, “अवं, काऊन त्याच्या मागं लागली? फौजेतून आलेलं पोरगं हाय, आराम करू दे.”

“भितीकडं पाहून आराम नाई होत,” झुंबरबाई म्हणत आणि ब्रश उचलत.

एके दिवशी त्या शिखरावर बर्फ चढवत होत्या. ट्यूबमधला पांढरा रंग जसाच्या तसा पातीवर घेऊन थापत होत्या. पाठीमागून आवाज आला.

“बर्फ असं पांढरं नसते, माय.”

झुंबरबाईंची पाती थांबली. पण त्या वळल्या नाहीत. शहाणी बाई. वळल्या असत्या तर तो पुन्हा गप्प झाला असता. माझ्याकडेच पाहत त्यांनी विचारले, “मंग कसं असते?”

“सावलीत निळं. अन् दिवस बुडाच्या वक्ताले...” तो थांबला. “जखमेवर नवी चामडी येते ना, तसं.”

फिजा शेजारी बसली होती. तिने पांढऱ्यात निळा मिसळून एक रंग केला आणि थोडासा लाल टाकून दुसरा केला. झुंबरबाईंनी ते लावले. माझ्या शिखरावर पहिल्यांदा थंडी पडली.

त्यानंतर खाट हलली नाही. हर्षल रोज एखादे वाक्य बोलू लागला. ढग नुसते वर नसतात, पायाखालीही असतात. वारा सुटला की डोंगराच्या धारेवरून बर्फ असा उडतो, जसा मळणीयंत्रातून भुसा. उतारावर कधी एक बारीक रेघ दिसते, दोऱ्यासारखी. तिथे बर्फ तडकलेला असतो, पाय द्यायचा नसतो. तो असे बोलायचा आणि माझ्या अंगावरचा डोंगर उंच होत जायचा. काळे कडे वर आले, दरीत धुके साचले, एका बाजूने वादळ चढून आले आणि दुसऱ्या बाजूने जखमी उजेड पडला. फिजा काही वेळा हात बांधून नुसती बघत उभी राहायची.

शेवटी झुंबरबाईंनी खालच्या अंगाला, बर्फात, एक माणूस काढला. पाठमोरा, ज्वारीच्या दाण्याएवढा. हर्षलने तो पाहिला आणि उठून घरात गेला. दोन दिवस पुन्हा गप्प.

नेमके तेव्हाच अर्जुनराव आले. पंधरा ऑगस्टला सभागृहाचे उद्घाटन होते आणि चित्राची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. ते माझ्यासमोर उभे राहिले. हसायला आलेला माणूस हसायचे विसरला, हे मी डोळ्यांनी पाहिले. 

“डोंगर झकास हाय,” ते म्हणाले. “सभागृहात लावू. पन आपला वीर कुठं हाय?”

झुंबरबाईंनी दाणा दाखवला.

“ही तर मुंगी झाली हो! त्याले वर काढा, शेंड्यावर. चांगला मोठा. हातात झेंडा द्या.”

शेषरावांनाही ते पटले. मुलाचा त्यांना फार अभिमान होता. चौकातला फ्लेक्स फाटल्यावर त्यांनी तो घडी करून पेटीत जपून ठेवला होता. ते म्हणाले, “खरं हाय. लोकायले दिसला पायजे तो.”

“तो शेंड्यावर गेलाच नाई, तर शेंड्यावर कसा काढू?”

“कोनाले माहीत हाय ते?”

“त्याले माहीत हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. मग त्या अर्जुनरावांकडे वळल्या. “दादा, डोंगर मोठा होता म्हनून त्याची बोटं गेली. मी आता डोंगर लहान करू अन् पोरगा मोठा करू, तर मंग बोटं कशानं गेली? खाटेवर बसून? माह्या पोराले तुम्ही मोठा करून राह्यले का खोटा?”

अर्जुनराव निघून गेले. शेषराव मात्र मनात काहीतरी घेऊन बसले.

काही दिवसांनी झुंबरबाई आणि फिजा रंग आणायला बाहेरगावी गेल्या. शेषरावांनी मेहकरहून दयाराम पेंटरला बोलावून घेतले. दयाराम साधा माणूस होता, पाट्या रंगवणारा. त्याला जे सांगितले ते त्याने केले. आधी खडूने आखून घेऊ, म्हणाला.

मित्रांनो, खडू! इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्या अंगावर खडू चालला. डोंगराच्या पायथ्यापासून शिखराच्याही वर एक भला मोठा जवान उभा राहू लागला. रुंद छाती, पिळदार मिशी, हातात फडकणारा झेंडा. वादळ त्याच्या गुडघ्याशी आले, दरी त्याच्या बुटाखाली गेली. मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो. दयारामने डब्याचे झाकण उघडले, रंग ढवळला आणि ब्रश बुडवला.

तेवढ्यात हर्षल आला. त्याने आकृतीकडे पाहिले, पायापासून डोक्यापर्यंत. मग तो पुढे झाला आणि त्याने आपला उजवा हात माझ्यावर ठेवला, तो बोटे गेलेला. त्या तळहाताने तो खडू पुसू लागला. छाती पुसली, झेंडा पुसला, शर्टाच्या बाहीने मिशी पुसली.

“अहो भाऊ, काय करता?” दयाराम मागे सरला.

“हर्षल! तुहाच फोटू हाय बे तो!” शेषराव ओरडले.

“माहा नाई तो,” हर्षल म्हणाला.

बाही पांढरी झाली होती. तो खाटेवर बसला आणि वडिलांना म्हणाला, “बाबा, आम्ही दोघं होतो. तुम्ही कोनी इचारलंच नाई. हारच घालत राह्यले.”

मग त्याने सांगितले. दुसऱ्याचे नाव दीपक. हिमाचलचा, डोंगरातलाच मुलगा. बर्फात पाऊल कसे टाकायचे, मोजे ओले झाले तर काय करायचे, हे सगळे हर्षलला त्यानेच शिकवले. त्या दिवशी दोघे एका दोराने बांधलेले होते आणि दीपक पुढे चालत होता. वरून बर्फ सुटला. हर्षल कडेला फेकला गेला. दीपक आत गेला. दोर बर्फात गेलेला दिसत होता. फावडे सापडेना, हातमोज्यांनी पकड बसेना, म्हणून हर्षलने हातमोजे काढून टाकले आणि उघड्या हातांनी उकरायला लागला.

“पोचलो मी त्याच्यापाशी,” हर्षल म्हणाला. “पन उशीर झाला होता. अन् तुम्ही मले झेंडा देऊन वर उभा करून राह्यले. माह्या हातात झेंडा नोता, बाबा. त्याचा हात होता.”

दयारामने डब्याचे झाकण हळूच दाबून बसवले. शेषराव मुलाशेजारी खाटेवर टेकले. त्यांनी हर्षलचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावरचा खडू धोतराने पुसून काढला.

झुंबरबाई परतल्या तेव्हा दोघे तसेच बसलेले होते. हर्षल म्हणाला, “माय, अजून एक मानूस काढ.”

“कुठं काढू?”

“माह्या पुढं. तो पुढं होता.”

त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला. दीपक नीट उमटला, चढाला वाकलेला. दोघांमधला दोर हर्षलने स्वतः काढला. अंगठा आणि उरलेल्या बोटात ब्रश धरून, श्वास रोखून. दोर थोडा वाकडा आला. फिजाने विचारले, “नीट करू का?” झुंबरबाई म्हणाल्या, “हात लावू नको त्याले.”

पंधरा ऑगस्टला सभागृहात अर्जुनरावांनी छापून आणलेला मोठा फ्लेक्स लागला. असले चित्र तिथे शोभणार नाही, असा निरोप आमच्याकडे आला. “मागतलं कोनी होतं?” झुंबरबाईंनी निरोप्याला विचारले आणि त्याला चहा पाजून परत पाठवले.

मी आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत असतो. शेषराव एसटी स्टँडवरून ओळखीच्या माणसांना हाताला धरून घेऊन येतात. माझ्यासमोर उभे करतात आणि बोट दाखवून सांगतात, “हा पुढचा दीपक. मागचा आमचा.” एकदा एका पाहुण्याने विचारले, एवढे लहान काऊन काढले? शेषराव म्हणाले, “त्या डोंगराजवळ जाऊन उभा राह्य, मंग मले इचार.”

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्या वस्तू हात जोडून विनंती करतात. मी विनंती करणार नाही, मी बजावणार आहे. माझ्यासमोर आलात तर लांब उभे राहा. मला ओले फडके लावू नका. धूळ बसली तर कोरड्या, मऊ कापडाने हलकेच झटका. ह्या रंगाखाली एका बाईच्या अनेक दुपारी आहेत. आणि तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसले असेल, तर त्याला हार घालायची घाई करू नका. आधी त्याला विचारा की तिथे कोण कोण होते. तो सांगणार नाही. तरी विचारा. तो खाट फिरवेल, तुम्हीही फिरा.

माझे आता बरे चालले आहे. काल जाकीर मिस्त्री एका पडलेल्या घराचे जुने दार घेऊन आले आणि अंगणात खरकागदाचा आवाज सुरू झाला. झुंबरबाईंना आता समुद्र काढायचा आहे. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि आमच्या तालुक्यात तो कुठून असणार? फिजाने तसे सांगून पाहिले. झुंबरबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मंग चाल, पाहून येऊ.”

कुणाला हसायचे असेल त्याने खुशाल यावे. दार उघडेच आहे.